धोट्याला आठवत नाही, सुताला आठवतं

(पडदा काळा. फक्त यंत्रमागांचा खडखडाट. मग हळूहळू उजेड.)

सोलापूरचा पूर्व भाग, सकाळची पाळी. इथे शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. ते ओरडणं मराठीत असेल, तेलुगूत असेल, नाहीतर दोन्हींची मिसळ.

मागाच्या डोक्यावर बसलंय ते जेकार्ड. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जेकार्डनं १८०४च्या सुमारास ही युक्ती जुळवली. आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी आली, तरी युक्ती तीच. छिद्र असलं की सुई आत जाते, तारेचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेलं ताण्याचं, म्हणजे उभं, सूतही वर येतं. छिद्र नसलं तर सूत खालीच. मधल्या फटीतून आडवं सूत घेऊन धोटा पळतो. की पुढचं कार्ड.

समजा माळेत ३०० कार्डं आहेत आणि आत्ता समोर २१२वं आहे. चादरीवरच्या मोराची पुढची ओळ कशी येणार, हे सांगायला एवढं पुरे. काल किती चादरी निघाल्या, परवा माग का बंद होता, मागावर कोण होतं, याच्याशी जेकार्डला देणंघेणं नाही. मागचं सगळं विसरूनही त्याचा मोर चुकत नाही.

(माग थांबतो. अचानक शांतता. पंख्याचा आवाज ऐकू येतो.)

पण वीज गेली, माग रात्रभर उभा राहिला, की सकाळी गंमत होते. कार्ड तेच, सूत तेच, मोटारही तीच. तरी माग सुरू केल्यावर कापडात एक आडवी रेघ उमटते. लांबून दिसत नाही; उजेडात तिरकं धरलं की दिसते. गिऱ्हाईक नेमकं तसंच धरून बघतं.

झालेलं असं, की ताण्याचं सूत रात्रभर ताणून उभं होतं. ताणात राहिलेलं सूत हळूहळू सैलावतं. सकाळी पहिल्या चार-सहा फेऱ्यांत बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे नेहमीच्या अंतरावर बसत नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ. जेकार्डला काल ठाऊक नाही. सुताला आहे.

म्हणून जाणता कारागीर बटण दाबायच्या आधी ताण्यावर तळहात फिरवतो.

(दृश्य बदलतं. मंगळवेढ्याकडचं रान. काळी माती, पायाचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा.)

शहर सोडून पन्नासेक किलोमीटर आलो. मातीची आठवण सुतापेक्षा कितीतरी खोल आहे, आणि या जिल्ह्याची भाकरी तिच्यावरच आहे.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. उत्तरा पडली, हस्त बरसला, की वाफसा बघून ज्वारीची पेरणी. बहुतेक मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड होऊन पुढे आलेला हा वाण आजही इथल्या माणसाच्या जिभेवर आहे. आणि मग? मग पाऊस जवळजवळ नाहीच. थंडी, कोरडं आभाळ, दव. तरी माघात हुरडा होतो, फेब्रुवारीत कणसं भरलेली असतात. आभाळाकडे पाहून हे पीक समजणारच नाही. ते पीत असतं सप्टेंबरचं पाणी. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला ओढून घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात ते याच ठेवीसाठी. वरची भेग बुजवायची, म्हणजे ठेव उडून जात नाही.

ठेव हा शब्द मुद्दाम वापरला, पण तो थोडा फसवा आहे. ठेवीचा आकडा पासबुकात कळतो. मातीचा तसा कळत नाही.

(टेन्शिओमीटर जवळून. पाण्यानं भरलेली नळी, खाली सच्छिद्र भांडं, वर काटा.)

हे यंत्र, माती पाणी किती जोरानं धरून बसलीय ते दाखवतं. दोन ठिकाणी रोवलं. दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर. मग दोन्हीकडे पाणीही सारखंच असायला हवं ना?

नसतं. एका वाफ्याला आठवड्यापूर्वी भरपूर पाणी दिलं, तो वाळत वाळत या आकड्यावर आला. दुसरा कोरडा होता, कालच्या सरीनं ओलावत या आकड्यावर आला. काटा सारखा, पण पहिल्यात पाणी जास्त.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सुरईसारख्या असतात. पोट मोठं, गळा अरुंद. वाळताना गळ्यातलं पाणी दार अडवून बसतं, म्हणून पोट भरलेलंच राहतं. ओलावताना गळा आधी भरतो. मोठं पोट मात्र माती बरीच ओली झाल्याशिवाय भरत नाही. जायची वाट आणि यायची वाट वेगळी.

याला हिस्टेरिसिस म्हणतात. ग्रीक मुळाचा अर्थ मागे रेंगाळणं. जेम्स आल्फ्रेड युइंग या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात, टोकियोत शिकवत असताना, लोखंडाच्या चुंबकत्वासाठी हा शब्द काढला. माझ्या मते आपल्याकडचा ‘ओल’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे. ओल म्हणजे नुसतं पाणी नव्हे, येऊन गेलेल्या पाण्याची खूण.

आता खरा पेच. मातीला भूतकाळ आठवतो, की आपणच वर्तमान अर्धवट वाचतो? कुठली सुरई भरलीय, कुठली रिकामी, हे सगळं आज मोजता आलं असतं, तर कालचा पाऊस विचारायची गरजच नव्हती. भूतकाळ कुठे हवेत तरंगत नसतो. तो आजच्या मातीतच असतो, फक्त काट्याला दिसत नाही. मागाचंही तेच. कार्डाच्या नंबरासोबत सुताचा ताणही मोजला असता, तर सकाळची रेघ आदल्या रात्रीच सांगता आली असती.

(संध्याकाळ. बांधावर एक म्हातारा शेतकरी. हातात मातीचं ढेकूळ.)

आम्ही त्यांना यंत्राचा आकडा दाखवला. त्यांनी मान हलवली, वीतभर खणून माती काढली, मुठीत दाबली. गोळा झाला. अंगठ्यानं फोडला, फुटला.

“बरं हाय,” म्हणाले. “पण पाऊस कधी झाला ते सांगा आधी.”