दलवाई नव्हे, रामन राघव

(दृश्य: डोंगरी, सकाळची गर्दी)

२७ ऑगस्ट १९६८. याच डोंगरीत उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी एका माणसाला हटकलं. मुंबईत झोपलेल्या गरिबांचे एकामागून एक खून पाडणाऱ्याचं पोलिसांकडचं वर्णन त्याच्याशी जुळत होतं. नाव विचारलं, तर म्हणाला, सिंधी दलवाई. पंचांसमोर झडती झाली. निघालं काय, तर चष्मा, दोन कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद.

अशा माणसावर सिनेमे निघणारच. १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादवना घेऊन केला. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांनी रामन राघव हेच नाव ठेवून आजच्या मुंबईतली दुसरीच गोष्ट सांगितली. अटकेनंतर कोंबडीचं जेवण मिळाल्यावर त्या माणसानं तोंड उघडलं, हा किस्सा तर सगळ्यांनाच पाठ आहे. पण तो कोण, हे कोंबडीच्या आधीच बोटांच्या ठशांवरून ठरलं होतं.

(दृश्य: काचेवर पसरलेली शाई, कागदावर फिरणारं बोट)

बघा, बोट नुसतं दाबायचं नाही. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं. मागे आणलं की ठसा फिसकटला.

मग मोजणी. ज्योतिषी बोटांवरची चक्रं बघतात, ठसेतज्ज्ञही चक्रंच शोधतात. दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६, मग ८, ४, २ आणि १. जोडीतल्या एका बोटाचा आकडा वर, दुसऱ्याचा खाली; वरच्या आणि खालच्या बेरजेत एकेक मिळवायचा. हा अपूर्णांक कागदावर चढतो. एकही चक्र नसेल तर एक छेद एक, दहाही बोटांवर असेल तर बत्तीस छेद बत्तीस. असे एकूण १,०२४ गट. ठशांच्या हजारो पत्रिकांमधून हवी ती याच हिशेबानं सापडायची. पद्धतीला नाव बंगालचा पोलीसप्रमुख असलेल्या हेन्री साहेबाचं. त्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या कलकत्त्याच्या दोन फौजदारांचं. त्यांच्यावर सिनेमा? अजून तरी आमच्या पाहण्यात नाही.

(दृश्य: जुन्या पत्रिकांचे गठ्ठे)

डोंगरीत पकडलेल्या माणसानं लुटीच्या गुन्ह्यात आधी तुरुंगवास भोगला होता. त्यामुळे दहाही बोटं दप्तरात होती. ताजे ठसे त्यांच्याशी ताडले आणि दलवाई संपला. उरला रामन राघव. अण्णा, तंबी, वेलुस्वामी ही त्याचीच आणखी नावं.

(दृश्य: रुळांलगतच्या झोपड्या, रात्र)

तपास गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींकडे होता. बळी गेले ते झोपडीत, रस्त्याकडेला झोपलेले गरीब. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत एकोणीस जणांवर हल्ले, नऊ मृत्यू. १९६८ मध्ये पुन्हा तेच. फाशीची शिक्षा झाली, १९८७ मध्ये तिची जन्मठेप झाली, १९९५ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये तो मेला.

(दृश्य: संगणकाचा पडदा, झरझर सरकणारे ठसे)

आता ताडण्याचं काम यंत्र करतं. पण गुन्ह्याच्या जागी पावडर टाकून अर्धामुर्धा ठसा उचलायला आजही माणूसच वाकतो.