खणातली दोन चलनं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या टेबलाच्या खणात पाच युरोची एक नोट आहे आणि डॅनिश क्रोनचं एक नाणं. नाण्याला मधोमध भोक, आपल्या जुन्या भोकाच्या पैशासारखं. राष्ट्र मोठं की युरोप मोठा, हा वाद कुठे ऐकला की मी ही दोन्ही बाहेर काढतो.

नोटेवरचा पूल कुठल्याच देशात नव्हता. एकाचा छापला तर दुसरा रुसणार, म्हणून चित्रकाराने तो कल्पनेतून काढला. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावाने नोटांवरचे पूल खरोखरच बांधून टाकले. हौस म्हणतात ती हीच!)

ही नोट स्वीकारताना ग्रीसने आपलं जुनं चलन, द्राख्मा, सोडलं. 2015 च्या उन्हाळ्यात कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये बँका बंद, एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो. 5 जुलैला सार्वमतात 61 टक्के मतदारांनी, कर्ज देणाऱ्यांनी घातलेल्या अटींना 'नाही' म्हटलं. आठवडाभरातच त्यांच्या पंतप्रधानांना, त्सिप्रासांना, कडक अटी पत्कराव्या लागल्या. तेव्हा मी चिडलो होतो. लोकांचा कौल असा गुंडाळून ठेवायचा?

पण कर्ज देणाऱ्या ज्या युरोदेशांचे पैसे जाणार होते, त्यांचंही सरकार निवडूनच आलेलं होतं. जर्मन संसदेत त्यावर मतदान झालं. स्लोव्हाकियासारख्या, ग्रीसहून कमी पगारांच्या देशालाही हमी द्यायची होती. त्यांच्या मताची किंमत कमी कशी धरायची? आणि खुद्द ग्रीकांपैकी बहुतेकांना युरो सोडायचा नव्हताच. माझा राग तिथेच लंगडा पडला.

आता हे भोकाचं नाणं. डेन्मार्कने 28 सप्टेंबर 2000 ला सार्वमत घेऊन युरो नाकारला. क्रोन राहिला, नाण्यावर राणीची मुद्रा राहिली. मात्र क्रोनचा दर युरोला बांधलेला आहे. त्यामुळे युरोचं व्याज ठरवणाऱ्या, फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याज वाढवलं की कोपनहेगनही बहुधा त्याच दिवशी वाढवतं. ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर निदान फ्रँकफर्टला हे ठरवणाऱ्या बैठकीत बसतो. युरोच्या व्याजाचा निर्णय होताना डेन्मार्कला तिथे खुर्ची नाही.

म्हणजे सार्वभौम कोण? माझं मत विचाराल तर, खुर्ची असलेली बरी, मत फेटाळलं गेलं तरी. पण डॅनिश माणसाला हे सांगून पाहा. पाहिजे तेव्हा हा दोर आम्ही सोडू शकतो, असं तो म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण 1982 पासून त्यांनी तो बांधूनच ठेवला आहे, आधी जर्मन मार्कशी, मग युरोशी.