दोरीवरचा उंदीर

श्रोतेहो, नमस्कार. मुलांसाठी मुद्दाम लिहिलेलं धार्मिक साहित्य इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच आलं. जेम्स जेनवे या धर्मोपदेशकाचं 1671 च्या सुमाराचं पुस्तक घ्या. त्यातली मुलं पुण्यशील, आणि ती सगळी शेवटी मरतात. देवाचं नाव घेत, आनंदानं मरतात! लंडनमधला प्लेग अजून लोकांच्या आठवणीत ताजा होता, हे खरं. तरी लेकरांना मरणाची भीती घालून शिकवणं मला पटत नाही.

आता मुलांसाठी धार्मिक गीतं लिहिणाऱ्या आयझॅक वॉट्सची गोष्ट ऐका. जन्म 1674, गाव साउदॅम्प्टन. वडील सरकारमान्य चर्च न मानणारे, त्यापायी तुरुंगवास भोगलेले. घर कडक शिस्तीचं. असं सांगतात, की एकदा घरात प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि छोटा आयझॅक खुदकन हसला. प्रार्थनेत हसला! वडिलांनी जाब विचारला. त्यानं शेकोटीजवळ लोंबणाऱ्या घंटेच्या दोरीकडे बोट दाखवलं. एक उंदीर सरसर वर चढत होता. पोरगं म्हणालं, मला ओळी सुचल्या :

उंदीर बिचारा, जिना नाही त्याला;
दोरीनं चढतो प्रार्थनेला!

वडिलांनी छडी उचलली. मार पडणार, तोच पोरगं रडत रडत म्हणालं :

बाबा, बाबा, दया करा;
कविता सोडली, शब्द खरा!

मूळ ओळी इंग्रजी, मी आपल्या बोलीत सांगितल्या. पण बघा, माफीसुद्धा यमकात!

हाच मुलगा मोठेपणी धर्मोपदेशक झाला आणि 1715 साली त्यानं मुलांसाठी गीतांचं पुस्तक काढलं. पुन्हा सांगतो, 1715. नरकाचा धाक त्यातही आहे, पण भाषा सोपी, चाल गाण्याजोगी. पद्यात शिकलेलं जास्त दिवस लक्षात राहतं, असं तो प्रस्तावनेत म्हणतो. आपल्याकडे दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पाठांतराला हल्ली उगाच नावं ठेवतात. मुलांना चाल द्या, ती हौसेनं पाठ करतात.

त्या प्रस्तावनेतली आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. श्रीमंतांची असोत वा गरिबांची, सरकारी चर्चची असोत वा विरोधकांची, सगळ्या मुलांना ही गीतं एकत्र म्हणता यावीत, असं वॉट्स लिहितो. ज्याचा बाप पंथभेदापायी तुरुंगात गेला, त्यानं हे लिहिलं!

त्याचं कष्टाळू मधमाशीचं गीत घरोघरी पोचलं. इतकं, की 1865 साली लुईस कॅरल या इंग्रज लेखकानं ‘ॲलिस इन वंडरलँड’ या मुलांच्या गोष्टीत मधमाशीच्या जागी मगर घालून त्याचं विडंबन केलं, तेव्हा मूळ गीत कुणाला सांगावं लागलं नाही.

नमस्कार.