मोगऱ्याचं तेल क्लेव्हेंजरमध्ये का सापडत नाही

नमस्कार श्रोतेहो.

दादरच्या फुलबाजारात सकाळी मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या येतात, तेव्हा त्यांना फारसा वास नसतो. संध्याकाळी कळी उमलू लागली की ती दरवळते, कारण गंधाची बरीचशी द्रव्यं त्याच वेळी मोकळी होतात. लिनालूल आणि बेंझिल अल्कोहोल यांचा काही भाग कळीत साखरेच्या रेणूला जोडलेला असतो. उमलताना विकरं (एन्झाइम) तो सोडवतात. म्हणून सकाळी आणलेली कळी लगेच उकळायला घातली तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि खापर मात्र क्लेव्हेंजरवर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर आलेलं तेल मोजनळीत जमवणाऱ्या काचेच्या उपकरणावर फुटतं.

उमललेली फुलं घेतली तरी अडचण उरतेच. मोगऱ्यात तेल इतकं कमी असतं की १०० ग्रॅम फुलांमागे क्लेव्हेंजरच्या नळीत मोजण्याजोगा थर जमत नाही, काचेला पुसट ओशटपणा येतो इतकंच. शिवाय या गंधातलं बेंझिल अ‍ॅसिटेट हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग आहे. उकळत्या पाण्यात त्याचं हळूहळू विघटन होतं आणि थोडं पाण्यातच विरघळून राहतं. कनौजचे अत्तरवाले डेगेत फुलं उकळतात, पण त्यांच्या भपक्यात, म्हणजे वाफ जमा होणाऱ्या भांड्यात, परंपरेने चंदनाचं तेल आधीच घातलेलं असतं आणि ते वाफेबरोबर आलेला गंध धरून ठेवतं. कारखान्यात दुसरा मार्ग धरतात. फुलं हेक्झेन या द्रावकात भिजवायची, हेक्झेन कमी दाबाखाली उडवायचं. मागे मेणचट ‘काँक्रीट’ उरतं. ते अल्कोहोलमध्ये घेऊन थंड करायचं, गोठलेलं मेण गाळायचं आणि अल्कोहोल उडवायचं. उरतं ते ‘अ‍ॅब्सोल्यूट’. त्यात बेंझिल अ‍ॅसिटेट, लिनालूल, अल्फा-फार्नेसीन, मिथाइल अँथ्रानिलेट आणि इंडोल सापडतात. इंडोल नुसतं हुंगलं तर नाक फिरवावंसं वाटतं, पण ते वगळलेला मोगरा सपाट लागतो. हा हेक्झेनचा प्रकार घरी करून पाहू नका. त्याची वाफ ठिणगीसरशी पेट घेते.

पद्धत बदलली की तेलाची रचना किती बदलते, हे गुलाबात सर्वांत स्पष्ट दिसतं. ताज्या पाकळीच्या गंधात फिनाइल इथाइल अल्कोहोल भरपूर असतं. हेक्झेनने काढलेल्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये ते निम्म्याहून जास्त भरतं. त्याच गुलाबाचं वाफेवरचं तेल तपासा, त्यात हे अल्कोहोल जेमतेम २ ते ३ टक्के मिळतं! बाकीचं जातं कुठे? ते पाण्यात विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये साधारण २ ग्रॅम. म्हणजे ते गुलाबपाण्यात उतरलेलं असतं. तेलात मग सिट्रोनेलॉल, जिरेनियॉल आणि नेरॉल पुढे येतात. एक किलो तेलाला तीन-चार टन फुलं लागतात, त्यामुळे भेसळीचा मोह मोठा. जिरेनियॉल स्वस्तात मिळतं ते रोशा गवतातून. त्याच्या तेलात ते पाऊण हिश्शाच्या आसपास असतं. खानदेशातलं रोशा तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे गुलाबाचं तेल अस्सल, ही समजूतही अपुरी आहे. गोठतं ते पाकळीवरचं मेण, आणि मेण बाहेरूनही घालता येतं.

विद्यार्थ्यांनी सुरुवात लवंगेपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. लवंग ही वाळलेली फुलाची कळीच, आणि चांगल्या लवंगेत १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. त्यातलं बहुतेक युजेनॉल. पण इथेही एक फसगत आहे. हे तेल पाण्यापेक्षा जड असतं. साध्या क्लेव्हेंजरमध्ये ते तळाशी बसतं आणि परतीच्या नळीतून पुन्हा फ्लास्कमध्ये जातं. यावर उपाय झायलीनचा, म्हणजे पाण्यापेक्षा हलक्या द्रावकाचा. नळीत आधी अर्धा मिलिलिटर झायलीन मोजून घाला. तेल त्यात विरघळून वर तरंगतं. २ ग्रॅम लवंग ऐनवेळी दळा, १०० मिलिलिटर पाण्यात टाका आणि दोन तास ऊर्ध्वपातन करा. शेवटी आलेल्या आकड्यातून झायलीनचा अर्धा मिलिलिटर वजा करायला विसरू नका. आधी दळून ठेवलेल्या लवंगेतून तेल उडून जातं आणि आकडा कमी येतो.

आता तपासणी. तेल हेक्झेनमध्ये १०० पट पातळ करून गॅस क्रोमॅटोग्राफीला देतात. तिथे कॉलम या लांब, बारीक नळीत घटक वेगळे होतात आणि आलेखावर प्रत्येकाचं शिखर उमटतं. अहवालातले टक्के हे बहुतेक वेळा शिखरांच्या क्षेत्रफळाचे असतात, वजनाचे नव्हेत. नुसत्या मास स्पेक्ट्रमच्या, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वजनांच्या नोंदींच्या ग्रंथालयावर विसंबून नाव लावलं तर चूक होते, कारण टर्पीनांचे (सुगंधी तेलांतल्या एका मोठ्या कुळातल्या संयुगांचे) स्पेक्ट्रम एकमेकांसारखेच दिसतात. धारण निर्देशांकही, म्हणजे घटक कॉलममधून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडाही जुळायला हवा. आणि शिखर बारीक म्हणून घटक गौण ठरत नाही. गुलाबातलं बीटा-डॅमॅसेनोन एक टक्क्याहून कितीतरी कमी असतं, तरी गंधात त्याचा वाटा फार मोठा. उलट शुद्धता तपासायला लिनालूल उपयोगी पडतं. अस्सल लॅव्हेंडरमध्ये त्याच्या डाव्या-उजव्या हातासारख्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी जवळजवळ एकच असतं, कृत्रिम लिनालूलमध्ये सहसा दोन्ही निम्मी-निम्मी. मात्र त्यासाठी ही रूपं वेगळी करणारा कायरल कॉलम लागतो, साध्या कॉलमवर हा फरक दिसत नाही.

मुंबईच्या दमट हवेत तेल टिकवणं हे वेगळंच काम आहे. तेलात पाण्याचा अंश राहिला तर एस्टर तुटतात, म्हणून आधी चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घालून हलवा आणि गाळा. बाटली तपकिरी काचेची, शक्य तितकी काठोकाठ भरलेली हवी. रिकाम्या जागेतल्या हवेने लिनालूल आणि लिमोनीन यांची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात, आणि त्यांनीच त्वचेला खाज नि पुरळ येतं. बाटली अर्धी झाली की तेल लहान बाटलीत काढा आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा.