पांढरं ते मेलेलं, काळं ते जिवंत

श्रोतेहो, नमस्कार. हार्ट अटॅकमधून माणूस वाचला, की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: हृदयाचं नुकसान किती झालं? आज त्यासाठीच्या एमआरआयबद्दल बोलतो.

माझे मामा वाईचे. कृष्णेच्या डोहात बुडी मारून पार पलीकडे निघणारे. एका रात्री छातीत जळजळ झाली, पित्त समजून सोडा घेतला आणि झोपले. छातीत कळ आली की सोडा, ओवा, लिंबू... हे खूळ आपल्या घरांतून कधी जाणार? आधी ईसीजी काढा हो! मामा दवाखान्यात गेले ते दोन दिवसांनी. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पुढची भिंत हलतच नव्हती. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं जेवढं रक्त बाहेर फेकलं जातं ते, ३० टक्के. भिंत मेली आहे की नुसती निपचित पडली आहे? मेली असेल, तर बंद रक्तवाहिनी उघडून फारसं काय साधणार?

एमआरआय ठरला. त्यात जबर चुंबक असतं, म्हणून अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावतात. अंगठी निघाली, पण चांदीचा करगोटा सोडायला मामा तयार होईनात. शेवटी मामींनी तो सोडवून पदराच्या गाठीत बांधला. आत तासभर. 'श्वास रोखा' अशी सूचना पुन्हा पुन्हा येते. बुडी मारणाऱ्याला त्याचं काय!

शिरेतून गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून वापरतात त्या द्रव्याचं, इंजेक्शन देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, मेलेल्या भागात रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र काढलं की तो भाग पांढरा दिसतो. लक्षात ठेवा, पांढरं ते मेलेलं, काळं ते जिवंत. इजा आतल्या अंगाकडून बाहेर पसरते. पांढरा पट्टा भिंतीच्या निम्म्या जाडीपलीकडे गेला, तर ती पुन्हा हलण्याची आशा थोडी. शिकागोच्या संशोधकांनी २००० साली हे दाखवून दिलं.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. आतल्या कडेला नखाएवढी पांढरी रेघ, बाकी "सगळं काळं". तेवढं ऐकून मामी रडायलाच लागल्या! काळं म्हणजे जिवंत, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. तुम्हालाही म्हणूनच पुन्हा सांगतोय.

स्टेंट बसला. चार महिन्यांनी भिंत हलू लागली होती, पंपिंग ४५.

या तपासणीत एक्स-रे नसतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा पेसमेकर असेल, तर मात्र आधीच सांगा.

मामा हल्ली घाटाच्या पायरीवर बसून नातवाला पोहायला शिकवतात. करगोटा कमरेला परत आलाय. बुडीची परवानगी अजून नाही. नमस्कार.