कॅथलीन फेरियर: दोन भूमिका आणि बाकी सारी प्रार्थना

नमस्कार श्रोतेहो.

रंगमंचावर आयुष्यात फक्त दोन भूमिका करूनही ऑपेराच्या इतिहासात जिचं नाव कायम राहिलं, अशा एका इंग्रज गायिकेच्या ध्वनिमुद्रणांविषयी आज बोलायचं आहे. तिचं नाव कॅथलीन फेरियर. जन्म १९१२चा, लँकेशरमधला. मृत्यू १९५३ साली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘द रेप ऑफ ल्युक्रेशिया’मधली ल्युक्रेशिया आणि संगीतकार ग्लुकच्या ‘ऑर्फिओ’मधला ऑर्फिओ या त्या दोन भूमिका. बाकीचं गाणं बरंचसं ऑरेटोरिओ (अभिनयाविना गायलेली धार्मिक कथा), पॅशन (येशूच्या यातनांची गाथा) आणि मास (चर्चमधल्या उपासनेचं संगीत) यांचं. म्हणजे धार्मिक संगीत, आणि तेही बहुतेक वेळा मोठ्या समूहगानाच्या सोबतीनं.

फेरियरबाईंचा आवाज कॉन्ट्राल्टो जातीचा, स्त्रियांच्या आवाजातला सर्वांत खालचा. मंद्रात उतरताना त्याला असा घुमारा येतो, की आपल्याकडचा खर्जाचा शौकीन एकदम सावरून बसावा. पण नुसत्या घुमाऱ्यानं मी इतकी वर्षं या ध्वनिमुद्रिका ऐकल्या नसत्या. मला यात एक वेगळी गोष्ट ऐकू येते, आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. या बाईंचा ऑपेरा प्रार्थनेतून आला आहे. त्यांचा ऑर्फिओ ऐकायचा, तर आधी त्यांचा बाख आणि हँडेल ऐकायला हवा.

त्यांची घडण थोडक्यात सांगतो. वडील गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. कॅथलीन पियानो उत्तम वाजवायची, पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. १९३७ साली कार्लाइलच्या संगीतस्पर्धेत ती पियानोसाठी उतरली. गाण्याच्या स्पर्धेतही नाव दे बघू, अशी नवऱ्यानं एका शिलिंगाची पैज लावली, आणि दोन्ही बक्षिसं तिनंच नेली. पुढे युद्धाच्या काळात कारखान्यांतून, लहान गावांतून कार्यक्रम झाले. लँकेशर, यॉर्कशर हा गिरण्यांचा आणि समूहगानाचा मुलूख. गिरणीत राबणारी माणसं संध्याकाळी चॅपलमध्ये जमून हँडेलचा ‘मेसाया’ बसवायची. अशा गायनमंडळांपुढे उभं राहून फेरियरबाई गायला शिकल्या. १९४३च्या मे महिन्यात वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांनी ‘मेसाया’ गायला आणि मग लंडननं त्यांना आपलं मानलं. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमधल्या गायनमंडळात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मागे चार स्वरांत गाणारी माणसं उभी असली, की एकट्या गायकाचा श्वाससुद्धा वेगळा चालतो.

आता ध्वनिमुद्रणं. सुरुवातीचं एक मोठं काम म्हणजे १९४६ सालचं पेर्गोलेसीचं ‘स्ताबात मातेर’. सुळाखाली उभ्या असलेल्या मेरीच्या शोकाचं हे स्तोत्र. सोबतीला नॉटिंगहॅमचं ओरियाना गायनमंडळ, आणि संचालन रॉय हेंडरसन यांचं. हे फेरियरबाईंचे गुरू. स्वतः गायक असलेल्या गुरूनं शिष्येच्या गाण्याला समूहाची चौकट दिली, असं सुख फार थोड्यांना लाभतं.

त्यानंतरची मोठी कामगिरी बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची. १९४७-४८मध्ये रेजिनाल्ड जॅक्स यांच्या संचालनाखाली, लंडनच्या बाख कॉयरसह, इंग्रजीत गायलेली. तबकड्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. अडीच-तीन तासांचं संगीत असल्या तुकड्यांत मुद्रित करायचं, म्हणजे भावना ऐन भरात असताना थांबायचं आणि पुन्हा पेटवायची. आजच्या कानाला ही लय संथ वाटते, समूह फार मोठा वाटतो. हल्ली बाख लहान गायनवृंदात, जुन्या वाद्यांवर आणि चपळ लयीत सादर करतात, आणि ते बरोबरही आहे. तरीही पीटर येशूला तीन वेळा नाकारतो, कोंबडा आरवतो, पीटर बाहेर जाऊन रडतो, आणि मग एकट्या व्हायोलिनच्या संगतीनं ‘हॅव्ह मर्सी, लॉर्ड’ सुरू होतं, तेव्हा फेरियरबाईंचं गाणं ऐकून बघा. व्हायोलिन वळणं घेत, नटत पुढे जातं. आवाज मात्र जवळपास साधा राहतो. रडण्याचा अभिनय कुठेच नाही, हुंदका नाही, स्वर फोडलेला नाही. अपराध कबूल करणारा माणूस जसा नजर खाली ठेवून बोलतो, तसं ते गाणं आहे.

१९५० हे बाखच्या मृत्यूचं दोनशेवं वर्ष. त्या जूनमध्ये व्हिएन्नाला हर्बर्ट फॉन कारायान यांनी बाखचा ‘बी मायनर मास’ केला. श्वार्त्सकोप्फ सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा सर्वांत चढा आवाज, आणि फेरियर कॉन्ट्राल्टो. त्यातल्या ‘आग्नुस देई’च्या वेळी कारायान यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात. तालमीचं ध्वनिमुद्रण टिकून आहे. आवाज धूसर आहे, मागे सभागृहाची गूंज आहे, पण हे जरूर मिळवून ऐका.

आता ऑपेराकडे वळतो.

ग्लुकचा ‘ऑर्फिओ’ व्हिएन्नात १७६२ साली रंगमंचावर आला. ऑर्फिओची भूमिका केली गायतानो ग्वादाञी या कास्त्रातो गायकानं, म्हणजे लहानपणीच खच्ची केल्यामुळे आवाज न फुटलेल्या पुरुषानं, चढ्या आवाजात. पुढे कास्त्रातो गायक उरले नाहीत आणि ही पुरुषाची भूमिका बायका करू लागल्या. बालगंधर्वांची रुक्मिणी ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिली, त्या मराठी घरांना याचं नवल वाटू नये. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हाच ग्वादाञी त्याच्या बारा वर्षं आधी लंडनमध्ये हँडेलच्या ‘मेसाया’त गात होता, आणि १७५० साली हँडेलनं त्याच्यासाठी त्यातल्या काही जागा नव्यानं लिहिल्या होत्या. म्हणजे ऑर्फिओ पहिल्यांदा ज्या गळ्यातून उमटला, तो गळाही ऑरेटोरिओनं तापवलेला होता. फेरियरबाईंच्या बाबतीत दोनशे वर्षांनी तेच पुन्हा घडलं.

आणि हा ऑपेरा सुरू कसा होतो ते बघा. पडदा उघडतो तेव्हा ऑर्फिओची बायको युरिडिचे आधीच मेलेली आहे. तिच्या समाधीभोवती मेंढपाळ आणि वनदेवता शोकगीत गात आहेत. संथ, गंभीर, अगदी दफनविधीत शोभावं असं समूहगान. नायकाला यात लांबलचक गाणं नाही. तो फक्त तिला हाक मारतो: ‘युरिडिचे!’ थोड्या वेळानं पुन्हा, आणि पुन्हा एकदा. एवढंच. समूहाच्या लाटेवर तीन हाका. ऑपेरात मुरलेला गायक इथे प्रत्येक हाक रंगवायचा मोह आवरत नाही. फेरियरबाई सूर लावतात, तो भरतात आणि समूहात सोडून देतात. समूहात राहून, समूहाच्या वर कसं ऐकू यायचं, हे त्यांना रिकाम्या पोटी जमलेल्या युद्धकाळातल्या ‘मेसाया’नं शिकवलेलं होतं.

१९४७ साली इंग्लंडमधल्या ग्लाइन्डबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात त्यांनी ही भूमिका पहिल्यांदा केली, इटालियन भाषेत. त्याच सुमारास डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीनं त्याची संक्षिप्त आवृत्ती मुद्रित केली, फ्रिट्झ श्टीड्री यांच्या संचालनाखाली. ध्वनी स्वच्छ आहे, पण मला त्यात घाई जाणवते. माझी आवड १९५१ची, ॲमस्टरडॅमच्या प्रत्यक्ष प्रयोगाची. संचालक शार्ल ब्रुक, युरिडिचे झालेल्या ग्रेट कूमान. खरखर आहे, पावलांचे आवाज आहेत. पण चार वर्षांत गायिका भूमिकेत राहायला गेली आहे. दुसऱ्या अंकात युरिडिचेला परत आणायला निघालेला ऑर्फिओ पाताळाच्या दारातल्या पिशाच्चांपुढे विनवणी करतो आणि समूह ‘नाही!’ म्हणून अंगावर येतो. त्या प्रत्येक ‘नाही’नंतर फेरियरबाईंचा आवाज चढत नाही, उलट मऊ होतो. हळूहळू पिशाच्चांचाच सूर खाली येतो. संगीतानं कुणाचं मन कसं वळतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

‘के फारो’ हे त्यातलं प्रसिद्ध गाणं. परतीच्या वाटेवर तिच्याकडे वळून पाहायचं नाही ही अट मोडली, त्यामुळे युरिडिचे दुसऱ्यांदा गेली, आता मी काय करू, असा त्याचा आशय. गंमत म्हणजे ते मेजर स्वरसप्तकात आहे, आनंदाच्या गाण्यालाही चालावं असं. ही गोष्ट टीकाकारांना फार खटकली. पण तेच ध्रुवपद तीन वेळा येतं, आणि साध्या, उजळ सुरावटीतलं दुःख ज्याला सांभाळता येतं त्यालाच ते फळतं. विलाप करणारा गायक इथे फसतो. फेरियरबाईंनी याचा इंग्रजी अवतार १९४६ साली माल्कम सार्जंट यांच्याबरोबर मुद्रित केला होता. तो घराघरांत वाजला. मंडळी, आधी तोच ऐकूया.

(ध्वनिमुद्रिका: ‘व्हॉट इज लाइफ’, ग्लुक, ‘ऑर्फिओ’मधून)

१९५१मध्येच त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. शस्त्रक्रिया झाली, उपचार चालू राहिले आणि गाणंही चालू राहिलं. १९५२च्या मेमध्ये व्हिएन्नाला ब्रुनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली संगीतकार माहलरच्या रचनांचं मुद्रण झालं. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. १९५३च्या फेब्रुवारीत लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात बार्बिरोली यांच्या संचालनाखाली इंग्रजीतून ‘ऑर्फिअस’चे चार प्रयोग ठरले होते. सहा तारखेच्या दुसऱ्या प्रयोगात त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. रंगमंचावरच्या इतरांनी आधार दिला, त्या उभ्या राहिल्या आणि प्रयोग पूर्ण केला. त्यानंतर त्या जाहीरपणे कधी गायल्या नाहीत.

मात्र माझ्या मते त्यांचं सर्वांत पक्व गाणं त्याच्या चार महिने आधीच मुद्रित झालं होतं. ऑक्टोबर १९५२, सर एड्रियन बोल्ट आणि लंडन फिलहार्मोनिक. बाखच्या चार रचना, हँडेलच्या चार. ‘मेसाया’तलं ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ त्यात आहे. हँडेलनं इथे शब्द तोडून तोडून बसवले आहेत. गायिका दोन-तीन शब्द म्हणते, थांबते. वाद्यं तेवढीच सुरावट हळूच परत म्हणतात. मग एक शब्द, पुन्हा शांतता. तिरस्कार झालेल्या, टाकून दिलेल्या माणसाविषयीचं हे गाणं. या मोकळ्या जागा फेरियरबाई भरत नाहीत. स्वर सोडताना त्याला टोक येऊ देत नाहीत. स्वर विरतो आणि वाद्यं तो उचलतात.

या तबकडीचं एक प्रकरण सांगायला हवं. स्टिरिओचा जमाना आला, तेव्हा १९६० साली बोल्ट यांनी त्याच वाद्यवृंदाकडून साथ पुन्हा वाजवून घेतली, आणि मूळ मोनो मुद्रणातल्या आवाजावर ती चढवली. काम कौशल्याचं होतं, हेतूही चांगला होता. तुम्हाला दोन्ही आवृत्त्या मिळतील, आणि मी आग्रहानं सांगेन, की १९५२चं मूळ मोनोच घ्या. आठ वर्षांनंतरची साथ गायिकेच्या पाठोपाठ चालते. मूळ साथ तिच्याबरोबर श्वास घेते. मघाशी सांगितलेल्या त्या मोकळ्या जागांत हा फरक लगेच कळतो.

काय राहून गेलं, हेही नोंदवतो. संपूर्ण ‘मेसाया’ त्यांनी स्टुडिओत कधी मुद्रित केला नाही. एल्गारच्या ‘ड्रीम ऑफ गेरॉन्शिअस’मधली देवदूताची भूमिका त्यांनी पुष्कळदा गायली, पण आपल्या हाती आहेत ते १९४४चे, जेरल्ड मूर यांच्या पियानोवरचे थोडेसे अंश. उलट ब्राम्सची ‘आल्टो ऱ्हॅप्सडी’ मात्र १९४७ची, क्लेमेन्स क्राउस यांच्याबरोबरची, पूर्ण आहे. पुरुषांचं गायनमंडळ शेवटच्या भागात पहिल्यांदा तोंड उघडतं, आणि प्रेमाच्या पित्याला साकडं घातलं जातं, की तुझ्या वाद्यात या तहानलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचणारा एखादा सूर असेल तर वाजव. ऑपेराही नाही आणि चर्चचं संगीतही नाही, तरी फेरियरबाईंची या दोन्हींमधली वाट इथे स्पष्ट दिसते. नव्यानं ऐकणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी.

आता वेळ संपत आली. बोल्ट यांच्याबरोबरच्या त्या मुद्रणातली, हँडेलच्या ‘सॅमसन’मधली मायकाची प्रार्थना ऐकूया: ‘रिटर्न, ओ गॉड ऑफ होस्ट्स’. मूळ मोनो मुद्रण, १९५२.

(ध्वनिमुद्रिका)