कांस्ययुगातली राज्यं एकदमच का खचली?

साम्राज्य बुडालं म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, हल्ला कुणी केला? मला तो अपुरा वाटतो. म्हणून आज इ.स.पू. १२०० च्या आसपासचा काळ घेऊ, तेव्हा पूर्व भूमध्य समुद्राकाठची बरीचशी राज्यं पन्नासेक वर्षांत खचली.

त्यांचा सगळा डोलारा ब्राँझवर, म्हणजे कांस्यावर होता. ब्राँझला तांबं लागतं आणि कथील लागतं. तांबं सायप्रसमध्ये भरपूर, कथील मात्र फार लांबून यायचं. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला समुद्रतळाशी एक जहाज सापडलं, इ.स.पू. चौदाव्या शतकातलं, त्यात सुमारे १० टन तांबं आणि १ टन कथील, म्हणजे ब्राँझला लागतं अगदी त्याच प्रमाणात, शिवाय काचेच्या लगडी, हस्तिदंत, आबनुसाचं लाकूड असा कुठकुठल्या मुलखांतला माल! आणि हा व्यापार मुख्यतः राजवाड्यांच्या हातात होता बरं का.

राज्यं एकमेकांत इतकी गुंतलेली की इ.स.पू. १२७४ ला सीरियातल्या कादेशला इजिप्त आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं साम्राज्य) भिडले, १२५९ ला तह झाला, आणि पुढे हित्तींकडे टंचाई आली तर इजिप्तच्या फेरोने, म्हणजे राजा मेर्नेप्ताहने त्यांना धान्य पाठवलं.

मग वाईट दिवस आले. दुष्काळ, भूकंप, समुद्रावरून येणाऱ्या टोळ्या, सगळं थोड्याफार अंतराने. सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित घ्या, त्याचा राजा अम्मुरापी सायप्रसच्या राजाला मातीच्या पाटीवर कळवतो की शत्रूची जहाजं आलीत, गावं जाळलीत, आणि माझं सैन्य हित्तींच्या मुलखात आहे, जहाजं लुक्काकडे (तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा) गेलीत. बघा ना, हित्ती सम्राटाचा मांडलिक म्हणून सगळं बळ तिकडे धाडलं आणि स्वतःचंच शहर उघडं पडलं! उगारित जळालं ते पुन्हा वसलंच नाही, हित्तींची राजधानी हत्तुशाही ओस पडली.

इजिप्तने मात्र टोळ्यांना हरवलं. तिथला राजा तिसऱ्या रामसेसने मेदिनेत हाबूच्या आपल्या देवळाच्या भिंतींवर तो विजय कोरून घेतला, पण त्याच्याच कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी राजांची थडगी बांधणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळेना म्हणून त्यांनी काम बंद पाडलं, ज्ञात इतिहासातला हा पहिला संप. म्हणजे लढाई जिंकली तरी आतून पोखरणं चालूच होतं.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती ग्रीसची, कारण तिथे राजवाड्यांबरोबर लिपीच गेली. लिनियर बी ही तिथली लिपी मोजक्या कारकुनांनाच यायची, तीही मेंढ्या, तेल, रथ यांच्या हिशेबापुरती, हिशेब ठेवणारा वाडाच उरला नाही तर शिकणार कोण? पुढची काही शतकं ग्रीसमध्ये लिखाण जवळजवळ नाहीच.

लिपी परत आली ती आजच्या लेबनॉनमधल्या टायर, सिडोनसारख्या बंदरांतल्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. त्यांचं एक साम्राज्य असं नव्हतंच, प्रत्येक शहर आपापलं चालायचं, आणि त्यांची लिपी फक्त २२ अक्षरांची.